शनिवारी महाग, रविवारी स्वस्त

जुन्या वस्तूंबद्दल फ्रेंच माणसाचं मत काय, हे वार बघून ठरतं. शनिवारी तो तुम्हाला तळघरात नेतो, बुरशी चढलेली बाटली दोन्ही हातांनी उचलतो आणि आवाज खाली आणून सांगतो, ही फार जुनी आहे, म्हणून महाग आहे. रविवारी तोच माणूस भर रस्त्यात चादर पसरून बसतो, धूळ खात पडलेला कंदील पायाने पुढे सरकवतो आणि सांगतो, हा फार जुना आहे, म्हणून दोन युरोला घेऊन जा. शनिवारी घासाघीस करणं असभ्यपणाचं, रविवारी न करणं बावळटपणाचं. या दोन वारांमध्ये फक्त एक रात्र असते. तेवढ्यात माणूस एवढा कसा बदलतो हे ज्याला पाहायचं असेल, त्याने बर्गंडीत जावं. आणि जमल्यास सासूबाईंना बरोबर न्यावं.

आमचे साडू लिऑनला असतात. साडू हे नातंच मोठं नाजूक. दोघांनी एकाच घरातून मुली केलेल्या, त्यामुळे तुलना जन्माची चिकटलेली. सासूबाई आम्हा दोघांनाही 'जावईबापू' म्हणतात. कोणाला म्हणताहेत ते आवाजातल्या गोडव्यावरून ओळखायचं. साडूभाऊंनी तिथे वाइनचा कोर्स केला आहे. तेव्हापासून ते पाणीसुद्धा ग्लासात गोल फिरवून पितात. मेहुणी गाडी चालवते, कारण फ्रान्समध्ये रक्तात लिटरमागे अर्धा ग्रॅम अल्कोहोल सापडलं की लायसन्सवर गदा येते, आणि कोर्स केलेल्या माणसाचं रक्त शनिवारी दुपारनंतर तपासण्यासारखं राहत नाही. त्यांचा मुलगा, म्हणजे आमचा भाचा, वय वर्षं दहा, फ्रेंच त्याची शाळेची भाषा आणि मराठी आजीपुरती. तो आमचा दुभाषा. माझी बायको खजिनदार. आणि सासूबाई, ज्यांना 'त्यांना काय कळणार त्यातलं' म्हणून मागच्या सीटवर खिडकीशी बसवलं होतं.

इथे एक गोष्ट सांगायची राहिली. सासूबाईंचं माहेर तासगावकडचं. भावाची द्राक्षबाग, शेजाऱ्याची द्राक्षबाग, गावात लग्न ठरवायचं तर आधी छाटणीची तारीख बघायची, असं वातावरण. साडूभाऊंनी कोर्स सहा आठवड्यांचा केला होता. सासूबाईंचा साठ वर्षं चालू होता. पण त्यांना प्रमाणपत्र कोणी दिलेलं नव्हतं.

लिऑनहून बोन गावाकडे निघालं की वाटेत आधी बोजोलेचा टापू लागतो. साडूभाऊंनी व्याख्यान सुरू केलं. गामे नावाची द्राक्षाची एक जात आहे. भरपूर पिकते, लवकर पिकते, शेतकऱ्याला परवडते. एवढे गुण असल्यावर ती वरच्यांच्या डोळ्यांत खुपणारच. १३९५ साली बर्गंडीच्या फिलिप नावाच्या ड्यूकने फर्मान काढलं की ही जात दुष्ट आणि बेइमान आहे, उपटून टाका. आमच्याकडे पिनो न्वारच शोभते. गामेने गाशा गुंडाळला आणि ती दक्षिणेला, बोजोलेत नांदायला आली. आता दर नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी तिची ताजी वाइन विमानाने जगभर जाते. ड्यूकचं फर्मान संग्रहालयात.

"जास्त पिकतं म्हणून उपटायला लावलं?" सासूबाईंनी मागून विचारलं. "त्या ड्यूकला कर्ज फेडायचं नसणार."

मग विषय बोर्डोवर गेला. साडूभाऊ म्हणाले, "आई, बोर्डोचं नाव ऐकलं असेल ना तुम्ही?"

"न ऐकायला काय झालं? मोरचूद आणि चुना. दादा एक टक्क्याचं करायचा. केवड्याला त्याच्यासारखं औषध नाही."

गाडीत थोडा वेळ शांतता. साडूभाऊ बोर्डोच्या वाइनबद्दल बोलत होते आणि सासूबाई बोर्डो मिश्रणाबद्दल, आणि गंमत म्हणजे दोघांचा बोर्डो एकच. त्या भागातले शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचं निळं पाणी शिंपडत. कशासाठी, तर येणाऱ्या-जाणाऱ्याने घड तोडू नयेत. निळी द्राक्षं बघून चोराच्या पोटात गोळा यावा, एवढाच हेतू. बोर्डो विद्यापीठातल्या मियार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की आतल्या वेली केवड्याने गेल्या, पण रस्त्याकडेच्या हिरव्यागार आहेत. १८८५ साली त्याने हे औषध जगापुढे मांडलं. म्हणजे तासगावची बाग ज्याच्यावर उभी आहे, त्या शोधाचं मूळ फ्रान्समधल्या भुरट्या चोरांत आहे. चोरांचा पुतळा मात्र कुठे दिसला नाही.

बोनच्या उत्तरेला द्राक्षमळे सुरू झाले तशी सासूबाईंनी गाडी थांबवायला लावली. जून महिना, वेलींवर फुलोरा. पण वेली कसल्या, कमरेएवढी झुडपं. हेक्टरी दहा हजार लावलेली, एकमेकांना खेटून.

"मांडव कुठाय?"

"इथे मांडव नसतो, आई. वेल मुद्दाम बुटकी ठेवतात. कमी घड येतात, पण रस दाट असतो."

"खुंट कुठला? डॉगरिज?"

या प्रश्नाचं उत्तर कोर्समध्ये नव्हतं. पण प्रश्न अगदी मर्मावरचा होता. १८६०च्या दशकात अमेरिकेहून आलेल्या रोपांबरोबर फिलॉक्सेरा नावाची मुळं खाणारी कीड फ्रान्समध्ये आली आणि बघता बघता देशभरच्या बागा आडव्या झाल्या. शेवटी तोडगा निघाला तोही अमेरिकेतूनच. खाली अमेरिकन खुंट, वर फ्रेंच कलम. जगातली सर्वांत अभिमानी वाइन आज परदेशी मुळांवर उभी आहे, आणि आपल्याकडचे बागायतदार ज्या डॉगरिजवर कलम बांधतात, तोही अमेरिकन वंशाचाच. सासूबाईंनी खाली वाकून बुंध्यावरची कलमाची गाठ बोटाने चाचपली, आणि 'बरोबर आहे' अशी मान हलवली. फ्रान्स पास झाला.

पुढे रोमाने-कोंती नावाचा मळा आहे. जेमतेम १.८ हेक्टर. एक दगडी क्रूस, गुडघाभर भिंत, आणि आत येऊ नका अशी विनंती करणारी पाटी. इथल्या एका बाटलीला हजारो युरो पडतात. पायवाटेच्या पलीकडे तशीच माती, तशाच वेली, पण बाटलीची किंमत धाडकन खाली. माणसं भिंतीशी उभं राहून फोटो काढत होती. सासूबाई भिंतीशी उभ्या राहून काडीवरचे डोळे मोजत होत्या. त्यांच्या नजरेतला भाव मेहुणीने ओळखला आणि हात धरून त्यांना गाडीत आणलं. "दोन काड्यांनी त्यांचं काय जाणार होतं?" असं त्या नंतर बराच वेळ म्हणत होत्या.

बर्गंडीत किंमत ठरते ती पत्त्यावर. उतारावरच्या प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र नाव, स्वतंत्र इभ्रत. अशा १२४७ तुकड्यांना युनेस्कोने २०१५ साली जागतिक वारशात घेतलं. क्लो द वुझो हा त्यातला एक. मध्ययुगात सिस्टर्शियन साधूंनी पन्नास हेक्टरभोवती भिंत घालून लावलेला. राज्यक्रांतीत तो जप्त झाला, १८८९ साली तुकड्यांनी विकला गेला, आणि मग नेपोलियनच्या कायद्याप्रमाणे सगळ्या मुलांना सारखा वाटा. आज त्या एका भिंतीच्या आत ऐंशीच्या आसपास मालक आहेत. कोणाच्या दोन ओळी, कोणाच्या चार. सगळ्यांच्या बाटल्यांवर एकच नाव, पण वरच्या उताराची वाइन वेगळी आणि खाली रस्त्यालगतची वेगळी, असं प्रत्येक वरचा सांगतो.

"आणि बांध कोण कोरतं?" सासूबाईंनी विचारलं. साडूभाऊंनी याचं भाषांतर भाच्याला करू दिलं नाही.

बोनमध्ये आधी रंगीत कौलांचं जुनं हॉस्पिटल पाहिलं. तेव्हाच्या ड्यूकचा चान्सलर निकोला रोलँ याने १४४३ साली गोरगरिबांसाठी ते उभं केलं. आयुष्यभर त्याने इतक्या लोकांना गरीब केलं होतं की त्यांच्यासाठी हॉस्पिटल बांधणं त्याला भागच होतं, असा टोमणा फ्रान्सच्या एका राजाच्या नावावर सांगतात. लोकांनी पुण्य म्हणून हॉस्पिटलला द्राक्षमळे दान केले. त्यांच्या वाइनचा लिलाव १८५९ पासून होतो, अजूनही, नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी. १९७१ पर्यंत त्या इमारतीत रुग्ण होते. दारूच्या पैशावर दवाखाना चालवण्याची ही एवढी जुनी परंपरा पाहून माझी बायको म्हणाली, "आपल्याकडे दोन्ही गोष्टी आहेत, फक्त क्रम उलटा आहे."

दुपारी तळघर. वाइन करणारा माणूस स्वतःच आला, हाताला माती, स्वेटरला भोक. पुढे तो सांगणार असलेल्या किमतींशी या स्वेटरचा काही मेळ बसत नव्हता. खाली बारा अंशांची थंडी, वाळूची जमीन, भिंतींवर काळी मऊ बुरशी. ती पुसायची नाही, ती असली म्हणजे तळघर निरोगी. सासूबाईंनी पदर सावरून घेतला. त्यांच्या घरात अशी भिंत दिसली असती तर एव्हाना रंगारी आला असता.

चाखायचा एक क्रम असतो. आधी साध्या पत्त्याची, मग गावाच्या नावाची, मग प्रीमिये क्र्यू, शेवटी ग्राँ क्र्यू. बर्गंडीत आधी लाल आणि मागाहून पांढरी, हे बाकी जगाच्या उलट. काचेची लांब नळी पिंपात सोडून त्याने थोडी वाइन काढली आणि ग्लासांत दोन-दोन बोटं धरली. बघायचं, फिरवायचं, हुंगायचं, घोट घ्यायचा, तोंडात हवा ओढून गुळगुळ आवाज करायचा आणि मग कोपऱ्यातल्या पिंपात थुंकायचं. आयुष्यभर 'येथे थुंकू नये' वाचत आलेल्या माणसाला एवढ्या सुंदर ठिकाणी, एवढ्या महाग द्रवाचं थुंकणं जमता जमत नाही. मेहुणीला जमतं. बारीक, सरळ धार, चार फुटांवरून नेमकी पिंपात. साडूभाऊ थुंकत नाहीत. चाखण्याचे पैसे भरलेले आहेत, असं त्यांचं म्हणणं.

मालक बोलू लागला. भाचा भाषांतर करत होता. "तो म्हणतोय, यात चेरी आहे. आणि ओली पानं. आणि पावसानंतरचं जंगल. आणि... चामडं."

"चामडं?" सासूबाई.

"जुनं चामडं, आजी."

साडूभाऊंनी डोळे मिटून मान डोलावली. त्यांना चामडं लागलं होतं. माझ्या ग्लासात मला वाइन लागत होती. सासूबाईंनी बोट बुडवून जिभेला लावलं, क्षणभर थांबल्या, आणि म्हणाल्या, "विचार त्याला, ही द्राक्षाचीच ना? मग सगळ्या जगाचे वास येतात, द्राक्षाचा का येत नाही?"

भाच्याने विचारलं. मालक मोठ्याने हसला आणि पहिल्यांदाच साडूभाऊंकडे न बघता थेट सासूबाईंकडे बघून बोलला. वाइन होताना द्राक्षाचा वास उरत नाही, तो जवळजवळ फक्त मस्कात नावाच्या जातीत टिकतो, आणि ती आम्ही लावत नाही, असं त्याचं उत्तर. मग फुलोऱ्यापासून तोडणीपर्यंत शंभर दिवस धरतात, हे त्याने सांगितलं. सासूबाईंनी आपल्याकडे ऑक्टोबर छाटणीपासून मोजतात, हे सांगितलं. वर्षातून दोनदा छाटणी करून पीक एकदाच घेतात, हे ऐकून तो थक्क झाला. भुरीवर गंधक किती मारता, यावर दोघांचं दहा मिनिटं चाललं. पिंपं, चेरी, चामडं सगळं बाजूला राहिलं. साडूभाऊ रिकामा ग्लास फिरवत उभे होते.

त्यांना धीर द्यावा म्हणून मी एक किस्सा सांगितला. त्याच बोर्डो विद्यापीठात वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन दिली, फक्त त्यात बिनवासाचा लाल रंग मिसळून. विद्यार्थ्यांनी मनोभावे हुंगलं आणि लाल वाइनची सगळी विशेषणं त्या पांढऱ्या वाइनला लावली. २००१ साली हा प्रयोग छापून आला. म्हणजे नाक डोळ्यांचं ऐकतं आणि डोळे लेबलाचं. साडूभाऊ म्हणाले, "ते विद्यार्थी होते." त्यांनी धीर घेतला नाही.

खरेदीची वेळ आली. शनिवारची खरेदी फार सभ्य असते. भाव विचारायचा नाही. तो एका छोट्या कागदावर लिहिलेला असतो आणि आपण त्याकडे बघतोय हे कोणाला दिसता कामा नये. साडूभाऊंनी प्रीमिये क्र्यूच्या सहा बाटल्या मागितल्या. एकेक बेचाळीस युरोची. कार्ड टेकवताना त्यांनी नजर वरच्या कमानीवर ठेवली होती. मालकाने खोकं बांधलं आणि बजावलं, दहा वर्षं थांबा, २०३५च्या आत उघडू नका. साडूभाऊंनी शपथ घेतल्यासारखी मान हलवली. माझ्या बायकोने खोक्याचे मनातल्या मनात रुपये केले आणि बाकावर बसली.

रविवारी पहाटे आम्ही बोनपासून वीसेक किलोमीटरवरच्या एका गावात. गावाचा मुख्य रस्ता गाड्यांना बंद, चर्चपासून नगरपालिकेपर्यंत दोन्ही बाजूंनी टेबलं, चादरी, पुठ्ठ्याची खोकी. याला व्हिद-ग्रन्ये म्हणतात, माळे रिकामे करायचा बाजार. मीटरवर जागा मिळते. कोणीही मांडू शकतं, पण वर्षातून दोनदाच. आणि वस्तू स्वतःच्या वापरलेल्याच आहेत, असं आयोजकाला प्रतिज्ञेवर लिहून द्यावं लागतं. नाव, पत्ता, ओळखपत्र सगळं वहीत. मोडकी छत्री विकायला एवढी कागदपत्रं लागतात हे कळल्यावर मला त्या देशाबद्दल घरची माया वाटू लागली.

खरे दर्दी पहाटे अंधारातच बॅटरी घेऊन येतात आणि माल गाडीतून उतरायच्या आत डिकीत डोकं घालतात. आम्ही पोचलो तेव्हा ते कॉफी पीत बसले होते. उरलेल्यात काय होतं? फाँड्यूचा संच, सहा माणसांचा, काटे पाच. दिवंगत गायकांच्या तबकड्या. शॅम्पेनच्या बुचावरच्या पत्र्याच्या चकत्या, वहीत नीट लावलेल्या. या गोळा करणारी माणसं आहेत आणि ती भांडतातही. जानेवारीतल्या केकमधून निघणाऱ्या चिनी मातीच्या इवल्या मूर्ती. प्यूजोची कॉफी दळायची लाकडी चक्की. ही कंपनी मोटारी बनवायच्या कितीतरी आधी, १८४० पासून, चक्क्या बनवत होती. मिनिटेल, म्हणजे फ्रान्सचा घरगुती इंटरनेट, इंटरनेटच्या आधीचा, २०१२ साली बंद पडला तो. मी तो हातात घेतला. बायको म्हणाली, "ठेवा." मी ठेवला. एका कोड्याच्या खोक्यावर छापलं होतं 'तुकडे १०००' आणि खाली पेनने प्रामाणिकपणे '९९८'.

आणि हीच ती माणसं. कालच्या तळघरात चामड्याचा वास येऊन ज्यांचे डोळे मिटत होते, तशीच सगळी. आज ती अर्ध्या युरोसाठी इरेला पेटली होती. साडूभाऊंना लाकडी मुठीचा बूच काढायचा स्क्रू आवडला. विकणारा मुलगा बारा वर्षांचा. दोन युरो म्हणाला. साडूभाऊ एक म्हणाले. मुलगा दीडवर आला. साडूभाऊ निघून जायचं नाटक करून पुढच्या टेबलापर्यंत गेले, परत आले. मुलाने आता पुन्हा दोन सांगितले, कारण तुम्ही परत आलात म्हणजे तुम्हाला हवाय. काल अडीचशे युरो कमानीकडे बघत देणारा माणूस आज पन्नास सेंटसाठी उन्हात वीस मिनिटं उभा होता. शेवटी दीडला सौदा झाला आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसलं, ते ग्राँ क्र्यू पितानाही दिसलं नव्हतं.

सासूबाई सकाळपासून एकाच शंकेत होत्या. "जुन्या कपड्यांवर भांडी देत नाहीत का हे?" आपल्याकडे बोहारीण दारात यायची, तीन साड्या आणि बुशशर्टावर स्टीलचं पातेलं, आणि त्या पातेल्यासाठी उंबऱ्यावर तासभर जुगलबंदी. त्या शाळेत त्या शिकलेल्या. इथे रोख व्यवहार आहे हे कळल्यावर त्यांना बाजार जरा फिका वाटला. पण मग एका टेबलावर तांब्याचा जाड दांड्याचा टोप दिसला.

विकणारी बाई त्यांच्याच वयाची. ॲप्रन, चष्मा दोरीला. सासूबाईंनी टोप उचलला, वजन अजमावलं, उलटा केला, बोटाच्या पेराने वाजवला, आणि आत नखाने खरवडून बघितलं.

"विचार किती."

"पंचवीस, आजी."

"तीन म्हणावं."

भाच्याला लाज वाटली. त्याने फ्रेंचमध्ये सांगितलं की आजीला तुमचं भांडं खूप आवडलंय. बाई हसून मेर्सी म्हणाली.

"काय म्हणाली?"

"थँक्यू म्हणाली."

"तीनला थँक्यू?" सासूबाईंनी टोप खाली ठेवला. "मग माल खोटा आहे."

इथे दुभाषाची नोकरी संपली. सासूबाईंनी टोप पुन्हा उचलून आतला काळा पडलेला डाग बाईला दाखवला. कल्हई उडाली होती. बाईने तोंड वाकडं केलं, मान्य केलं, पण बोटांनी तळाची जाडी दाखवली. सासूबाईंनी कल्हई करायला किती जाईल ते बोटांवर मोजून दाखवलं. बाईने वीस केले. सासूबाईंनी दोन बोटांपैकी फक्त एक उभं ठेवलं. बाईने कपाळावर हात मारला. सासूबाईंनीही मारला. शेजारच्या टेबलवाल्याने मध्ये तोंड घातलं, तर दोघींनी मिळून त्याला गप्प केलं. शेवटी बाराला ठरलं, आणि बाईने वरून तीन झाकणं दिली. त्यातलं एकही त्या टोपाला बसत नव्हतं. सासूबाईंनी ती घेतली. फुकटात आलेली वस्तू बसते की नाही हे विचारायचं नसतं.

जाता जाता भाच्याने आम्हाला ड्युरालेक्सच्या काचेच्या ग्लासांच्या टेबलाशी ओढलं. फ्रान्समध्ये लहानाचा मोठा झालेला प्रत्येक माणूस या ग्लासातून पाणी प्यालेला असतो. तळाशी साच्याचा आकडा असतो आणि शाळेच्या जेवणघरात मुलं तो बघून 'तू आज एवढ्या वर्षांचा' असं एकमेकांना सांगतात. सहा ग्लास, दीड युरो. बायकोने तत्क्षणी घेतले. घासाघीस केली नाही म्हणून सासूबाई परत येईपर्यंत तिच्याशी बोलल्या नाहीत.

रात्री लिऑनला सासूबाईंनी पिठलं-भात केला, नव्या टोपात नव्हे, कल्हईशिवाय त्या त्यात पाणीही तापवणार नव्हत्या. पानं वाढून झाल्यावर त्या म्हणाल्या, "ते कालचं खोकं आणा, एक उघडा."

साडूभाऊंचा घास हातातच राहिला. "आई, ती २०३५ च्या आधी उघडायची नाही."

"आणि तोवर कुठं ठेवणार?"

"खाली, तळघराच्या खोलीत."

"म्हणजे अडगळीतच ना? दहा वर्षांनी तुम्ही ती चादरीवर मांडून बसाल, आणि माझ्यासारखी कोणीतरी येऊन तीन युरो म्हणेल." मग जरा थांबून, "आणि मी काय २०३५ ची वाट बघत बसू, जावईबापू?"

गोडवा कोणासाठी होता ते स्पष्ट होतं. साडूभाऊ उठले. त्यांच्या पातळ पायाच्या ग्लासांपर्यंत ते पोचायच्या आत भाच्याने दीड युरोचे सहा ग्लास धुऊन मांडले होते. दीड युरोचा स्क्रू बुचात आडवा गेला, बूच तुटलं, ते गाळण्याने गाळावं लागलं. सगळ्यांनी आधी ग्लास उचलून तळाचे आकडे वाचले. मी सात वर्षांचा निघालो, साडूभाऊ एकोणतीसचे, सासूबाई बाराच्या. त्या फार खूश झाल्या.

साडूभाऊंनी तशाही अवस्थेत ग्लास फिरवला. "चेरी," ते म्हणाले. "ओली पानं. शेवटी किंचित चामडं."

सासूबाईंनी एक घोट घेतला, पिठल्याचा घास घेतला, पुन्हा एक घोट. "आणि थोडी मोरचूद," त्या म्हणाल्या. "पण पिठल्यावर वाईट नाही."

बाटली संपली. मेहुणी ती काचेच्या कचऱ्यात टाकायला निघाली, तर सासूबाईंनी हातातून काढून घेतली, लेबल ओलं होणार नाही अशी बेताने धुतली आणि खिडकीत उपडी ठेवली. साडूभाऊंनी विचारलं, रिकाम्या बाटलीचं काय करणार?

"पुढच्या बाजाराला न्या. तुम्हाला वर्षातून दोनदा मांडता येतं ना? नाव आहे ना तिच्यावर? मग दोन युरो कुठं जात नाहीत."